स्कोअरबुकात न दिसणाऱ्या चुका: चिरंजीवांची बेसबॉल टीम (तक्रार कमी, प्रश्न जास्त)

ओहायोची मावशी

नमस्कार मंडळी. खेळांच्या विभागात पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. (हे वाक्य आमच्या टीमलाही लागू आहे.)

धाकटा इथल्या एका छोट्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि तिथल्या बेसबॉल टीममध्ये सेकंड बेसवर खेळतो. कॉलेज डिव्हिजन तीनमधलं, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती हा प्रकारच नाही. पोरं फी भरून, लॅब आणि असाइनमेंट सांभाळून हौसेने खेळतात. गेल्या वर्षी नऊ जण एकदम पदवी घेऊन गेले. आता मैदानावरच्या नऊपैकी सहा जण पहिल्या वर्षाचे आहेत. सतरा सामने झाले, चार जिंकलो.

हरण्याचं मला एवढं काही नाही. कसे हरतो ते सांगते.

परवाचा सामना. एप्रिल असूनही बोटं आखडतील अशी थंडी, मी घोंगडी पांघरून, पायाशी आल्याच्या चहाचा थर्मास, मांडीवर स्कोअरबुक. आठवी इनिंग, ३-३. समोरच्यांचे दोन आऊट, त्यांचा एक रनर पहिल्या बेसवर, एक तिसऱ्यावर. पहिल्यावरचा रनर पिचरने बॉल टाकायच्या आधीच दुसऱ्या बेसकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. 'या, पकडा मला' असा. पिचरने पाय काढून फर्स्ट बेसला बॉल दिला, त्याने धाकट्याला, धाकट्याने परत फर्स्टला, पुन्हा धाकट्याकडे. लहानपणी अंगणात चालायची तशी पकडापकडी. शेवटी धाकट्याने त्याला टॅग केलं, म्हणजे हातातला बॉल लावून बाद केलं. तिसरा आऊट, म्हणजे त्यांची पाळी संपली! आमच्या बाकांवरून टाळ्या, धाकटा हात वर करून डगआऊटकडे पळत सुटला. आणि अंपायरने शांतपणे होम प्लेटकडे (सगळे बेस फिरून परत यायची जागा, म्हणजे 'घर') बोट दाखवून धाव मोजली. ही सगळी मंडळी एकामागे धावत असताना तिसऱ्या बेसवरचा आरामात घरी पोचला होता. ४-३. तिथेच हरलो.

घरी येऊन स्कोअरबुक उघडलं. त्या चौकोनात लिहिलेलं होतं: १-३-४-३-४, आऊट (१ पिचर, ३ फर्स्ट बेस, ४ सेकंड बेस; बॉल कोणाकडून कोणाकडे गेला ते). नुसतं हे वाचणाऱ्याला वाटेल, काय झकास फील्डिंग! त्या चालीपुरतं एररच्या रकान्यात शून्य. नियमच तसा आहे. हातातून बॉल सुटला, थ्रो भलतीकडे गेला तर एरर. डोक्याने केलेली चूक एरर म्हणून लिहायची नाही.

म्हणून गेले तीन आठवडे मी दुसरी एक वही ठेवलीय, पुण्याहून येताना आणलेली फुलस्केप. त्यात फक्त स्कोअरबुकात न येणाऱ्या चुका. पिचर पहिला बेस कव्हर करायला धावलाच नाही. आऊटफिल्डरने कटऑफच्या डोक्यावरून थेट होमला फेकला, धाव तर गेलीच, वर बॅटर दुसऱ्या बेसवर. एकच आऊट असताना दोन समजून रनर उंच कॅचवर पळत सुटला. कोचने बंटची (बॅट नुसती टेकवून बॉल हळू सोडायची) खूण केली, बॅटरने हाणला. परवाच्या एका सामन्यात अशा अकरा नोंदी, स्कोअरबुकात एरर एक.

मला विचारायचंय ते हे: हे वयाचं आहे की कोचिंगचं? आणि एवढ्या वहीचं करायचं काय? पालक कोचकडे जाऊन बोलले की पोरांना मेल्याहून मेल्यासारखं होतं, ते तर मी करणार नाही.

वाचनमात्र

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. एक शंका. तो गडी आऊट झाला ना? मग धाव कशी धरली? आपल्याकडे रनआऊट झाला तर ती धाव धरत नाहीत.

डावखुरा

@वाचनमात्र, शंका रास्त आहे आणि मावशींच्या लेकाची टीमही नेमकी त्यातच फसली. बेसबॉलमध्ये तिसरा आऊट 'फोर्स' असेल, म्हणजे मागून येणाऱ्यामुळे रनरला पुढचा बेस गाठणं भागच असेल आणि तो पोचायच्या आत फील्डरने बॉल घेऊन बेसवर पाय ठेवला, तर धाव धरत नाहीत. बॅटर स्वतः पहिल्या बेसआधी आऊट झाला तरी नाही. बाकी वेळी घड्याळाचा हिशोब. टॅग आधी की घरी पाय आधी? पाय आधी असेल तर धाव पक्की. समोरच्या टीमने तो रनर मुद्दाम बळी दिला होता. जुनी चाल आहे, आणि ती नवख्या टीमसमोरच काढतात.

मावशी, लेकाला फ्रेड मर्कलची गोष्ट सांगा, जरा बरं वाटेल. २३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज, १-१. जायंट्सचा नेहमीचा फर्स्ट बेसमन कंबरदुखीने बसला म्हणून १९ वर्षांच्या मर्कलला उतरवलं. नवव्या इनिंगचा शेवट, दोन आऊट, मर्कल पहिल्या बेसवर, मॅककॉर्मिक तिसऱ्यावर. ब्रिडवेलने बॉल मधून काढला, मॅककॉर्मिक घरी आला, लोक मैदानात घुसले. मर्कलनेही ते पाहिलं आणि दुसऱ्या बेसला पाय न लावता सरळ क्लबहाऊसकडे वळला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने बॉल मागवून दुसऱ्या बेसवर पाय ठेवला. फोर्स आऊट, धाव रद्द. सामना बरोबरीत सोडून ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवला, कब्ज ४-२ जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही घेऊन गेले. पोराच्या नावाला 'बोनहेड' (बिनडोक) कायमचं चिकटलं.

पण मला या गोष्टीत मर्कलपेक्षा एव्हर्स जास्त आवडतो. तीनेक आठवडे आधी पिट्सबर्गच्या सामन्यात त्याने हीच हरकत घेतली होती, आणि अंपायर तोच, हँक ओ'डे. तेव्हा ऐकलं नाही. एव्हर्स ते विसरला नाही, पुन्हा तसा प्रसंग येण्याची वाट बघत राहिला. सामना संपला असं सगळ्यांना वाटत असताना एका माणसाचं डोकं चालू होतं.

कट्ट्यावरचा अध्यक्ष

सरळ आहे. कोच बदला.

ओहायोची मावशी

@अध्यक्ष, खि खि. तुम्ही क्रिकेटच्या धाग्यावरही हेच लिहिता.

सदाशिव पेठी

नाही पण अध्यक्षांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. सतरा सामन्यांनंतरही पिचर पहिला बेस कव्हर करत नसेल तर तो पोराचा दोष किती? ही गोष्ट सरावात शंभर वेळा घोटून घ्यायची असते. आमच्या शाळेत खो-खोचे सर पोल सोडताना एक पाऊल चुकलं तरी पूर्ण चेन परत लावायला लावायचे. वैताग यायचा. पण सामन्यात पाय आपोआप पडायचे.

अमरावतीकर

मी अमरावतीचा. आंतरविद्यापीठाला सॉफ्टबॉल खेळलो, तीन वर्षं शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला). खेळ वेगळा, बेसमधलं अंतर साठ फूट, बेसबॉलला नव्वद, पिचिंग खालून. पण मावशी, तुमच्या वहीतलं सगळं ओळखीचं हाय बाप्पा! आमच्यावेळचंच लिहून काढल्यासारखं वाटलं.

पहिल्या वर्षी आमची टीमपण अशीच कच्ची होती. आमचे सर म्हणायचे, "बॉल आल्यावर विचार कराल तं घरी जाल." याचा अर्थ मला दुसऱ्या वर्षी कळला. पिचर हात वर घेते तेव्हाच तुमच्या डोक्यात पाहिजे: आऊट किती, रनर कुठं, बॉल माझ्याकडे सरळ आला तर कुठं फेकू, हळू आला तर कुठं, डोक्यावरून गेला तर मी कुठं उभा राहू. दर बॉलला. सामन्यात शंभर-दीडशे वेळा. नव्या पोराला हे चार बॉल जमते, पाचव्याला मन भटकते. आणि नेमका पाचवाच त्याच्याकडे येते, काहून का माहीत.

आणखी एक. तुमची पोरं मैदानावर बोलतात का? हे नक्की पाहून सांगा.

ओहायोची मावशी

@अमरावतीकर, तुमचा प्रश्न वाचून चपापले. नाही बोलत. समोरच्या टीमचं इनफील्ड (बेसजवळचे फील्डर) सतत ओरडत असतं, "टू! टू!", "गॉट इट!", बोटं वर करून आऊट किती ते एकमेकांना दाखवतात. आमच्याकडे कॅचर एकटा ओरडतो, तो तिसऱ्या वर्षाचा आहे. बाकी सगळे पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे गप्प.

आणि त्या ४-३ बद्दल. रात्री फोनवर मी अगदी हळूच विषय काढला. म्हटलं, तिसऱ्या बेसवर एक होता ते लक्षात नाही आलं का? तर म्हणाला, "आई, मला माहीत होतं." आणि मग नियम पाठ म्हणून दाखवला, डावखुरा यांनी लिहिलाय तसाच. टॅग आधी की पाय आधी, सगळं. "मग?" तर म्हणे, "तो माझ्यासमोर पळत होता ना."

मला काय बोलावं सुचेना.

सांख्यिकी वगैरे

उशिरा आलो. वयाच्या मुद्द्यावर थोडं.

कॉलेज बेसबॉलमध्ये आता १८ वर्षांच्या पोराची गाठ बऱ्याचदा २२-२३ च्या बाप्याशी पडते. कारणं तीन. कोविडमुळे २०२० चा हंगाम अर्ध्यात बंद झाला तेव्हा खेळाडूंना एक वर्ष वाढवून दिलं, त्यामुळे काही वर्षं जुनी मंडळी जागा अडवून होती. मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात ते) २०१९ पर्यंत ४० फेऱ्या असायच्या, २०२१ पासून २० आहेत, म्हणजे आधी व्यावसायिक लीगमध्ये गेली असती अशी बरीच पोरं आता कॉलेजातच थांबतात. आणि २०२१ पासून एक वर्ष घरी न बसता कॉलेज बदलता येतं. मोठ्या डिव्हिजन एकच्या कोचला सेकंड बेसवर नवखा नको असेल तर तो ट्रान्स्फर पोर्टलवरून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) तयार माणूस उचलतो. मावशींच्या कॉलेजच्या कोचकडे तो मार्ग जवळपास नाही. त्याला आहेत तीच पोरं खेळवत मोठी करायची आहेत, आणि डिव्हिजन तीनला अख्ख्या हंगामात सामने जास्तीत जास्त ४०.

"मला माहीत होतं" हे वाक्य मात्र फार महत्त्वाचं आहे. उजव्या हाताचा सर्वसाधारण व्यावसायिक बॅटर पहिला बेस साधारण ४.३ सेकंदांत गाठतो. म्हणजे नव्वद फुटांसाठी सेकंदाला एकवीस फूट. तुमच्या पोराने 'कुठे फेकू' यात अर्धा सेकंद घातला तर रनर दहा फूट पुढे. माहिती सगळी आहे, ती अर्धा सेकंद उशिरा पोचतेय.

वाचनमात्र

आता मजा येतेय. कटऑफ म्हणजे?

डावखुरा

आऊटफिल्डमधून लांबचा थ्रो येताना मध्ये उभा राहणारा. तो बॉल अडवून ठरवतो की होमला द्यायचा की दुसरीकडे. थ्रो त्याच्या छातीच्या उंचीवर यायला हवा. नवख्या आऊटफिल्डरला वाटतं आपला हात तोफ आहे, सगळ्यांच्या डोक्यावरून टाकू. कॉलेजमध्ये धातूची बॅट चालते, बॉल जोरात येतो, हातही शिवशिवतात.

सदाशिव पेठी

माझा मुद्दा कायम आहे. चूक झाली की बसवा बाकावर. दोन इनिंग बाहेर बसला की कळतं.

डावखुरा

काय कळतं? सहा जण नवे आहेत, सगळ्यांना बसवलं तर खेळणार कोण, पालक? आणि हाताची चूक झाली म्हणून बसवलेलं पोर पुढच्या वेळी बॉलच मागत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. बॉल आपल्याकडे येऊ नये असं वाटणारा सेकंड बेसमन कोचला परवडत नाही.

सदाशिव पेठी

हाताच्या चुकीला मीही बसवत नाही. आऊट किती झाले हे माहीत नसणं ही हाताची चूक नव्हे. ते फुकट आहे, त्याला ताकद लागत नाही.

डावखुरा

फुकट म्हणता? लॅरी वॉकर, माँट्रियल एक्सपोज, १९९४, डॉजर स्टेडियम. पिझाचा उंच उडालेला फाऊल बॉल त्याने पकडला आणि तिसरा आऊट समजून पहिल्या रांगेतल्या एका लहान पोराला देऊन टाकला. आऊट दोनच होते. रनर पळत सुटला, वॉकर पोराकडून बॉल परत घ्यायला धावला. पुढे २०२० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवडून आला हा माणूस. नवखा होता म्हणायचं का त्याला?

सदाशिव पेठी

वॉकरने एकदा केलं. मावशींच्या वहीत सामन्याला अकरा आहेत.

डावखुरा

हे मान्य.

निवृत्त शिक्षिका

मला बेसबॉल येत नाही, पण तीस वर्षं दहावीचा वर्ग सांभाळलाय. घरी गणित येणारं आणि परीक्षेत न येणारं मूल मला ओळखता येतं. त्याला पुन्हा गणित शिकवून उपयोग नसतो.

माझा भाचा कॅलिफोर्नियात क्रीडा मानसशास्त्र शिकला, त्याच्याकडून एक ऐकलेलं. कॅल स्टेट फुलर्टन विद्यापीठात केन रविझा नावाचे प्राध्यापक होते, बेसबॉलच्या खेळाडूंबरोबर त्यांनी आयुष्यभर काम केलं, २०१८ मध्ये वारले. त्यांची दोन साधनं. एक म्हणजे ट्रॅफिकचे दिवे: तू आत्ता हिरवा आहेस, पिवळा की लाल, हे स्वतःला विचारायचं. पिवळा असशील तर थांब, श्वास घे, मैदानावरच्या एका ठरलेल्या वस्तूकडे बघ, फाऊलच्या खांबाकडे म्हणा, आणि मग पुढचा बॉल. दुसरं साधन म्हणजे खेळण्यातलं छोटंसं टॉयलेट! चूक झाली की फ्लश करायची. ऐकायला पोरकट वाटतं. पण माझ्या वर्गात पहिला प्रश्न चुकला म्हणून उरलेले नऊ चुकवणारी मुलं मी मोजली असती तर वही मावशींच्या वहीपेक्षा जाड झाली असती.

सांख्यिकी वगैरे

फुलर्टनवरून आठवलं. २००४ मध्ये हीच टीम अर्ध्या हंगामाला १५ विजय, १६ पराभव अशी अडकली होती. त्या वर्षीचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनीच घेतलं, ओमाहाला (कॉलेजांची अंतिम स्पर्धा तिथे होते) टेक्ससला हरवून. अर्थात त्यांच्याकडे पुढे मेजर लीगमध्ये गेलेली पोरं होती, तेव्हा मावशींनी लगेच ओमाहाची तिकिटं काढू नयेत. :)

दुसऱ्या टोकाला कॅलटेक, विज्ञानासाठी प्रसिद्ध असलेली संस्था. तिथल्या बेसबॉल टीमने सलग २२८ सामने हरून २०१३ च्या फेब्रुवारीत एक जिंकला, ९-७.

कट्ट्यावरचा अध्यक्ष

२२८??? कोच बदला.

अमरावतीकर

मावशी, तुम्ही कोचकडे नका जाऊ, बरोबर हाय. पण त्या कॅचरचा विचार करा. तिसऱ्या वर्षाचा म्हणता ना? आमच्याकडे हे काम कॅचरच करायचा. मैदानावर त्याचंच तोंड सगळ्यांकडे असते, बाकीच्यांची पाठ कोणाकडे ना कोणाकडे. सराव संपल्यावर आमचा कॅचर इनफील्डच्या चौघांना थांबवायचा आणि बॉल न घेता खेळ लावायचा. तो नुसता ओरडायचा, "एक आऊट, फर्स्ट-थर्ड, सेकंडकडे हळू!" (म्हणजे रनर पहिल्या-तिसऱ्यावर, बॉल सेकंड बेसमनकडे हळू) आणि ज्याचं काम असेल त्यानं ओरडून सांगायचं कुठं फेकणार. बॉल नाही, ग्लोव्ह नाही, नुसती तोंडं. पाहणारे हसायचे. पंधरा दिवसांत एवढा कल्ला सुरू झाला की बाजूच्या हॉस्टेलवाल्यांनी तक्रार केली.

फर्स्ट-थर्ड दोन आऊटची ती चाल आली तं एकच गोष्ट: बॉल ज्याच्या हातात हाय त्यानं तिसऱ्याकडे एक नजर टाकायची. तो निघाला की जवळच्याला सोडून घरी फेका. जवळचा पळते म्हणून दिसते, पण पैसे लांबच्याकडं असतात.

ओहायोची मावशी

@अमरावतीकर, हे जसंच्या तसं धाकट्याला पाठवलंय. हॉस्टेलची तक्रार वगळून.

@निवृत्त शिक्षिका, ताई, "पुन्हा गणित शिकवून उपयोग नसतो" हे वाचून बराच वेळ तशीच बसले.

ओहायोची मावशी (अपडेट, आठ दिवसांनी)

बरेच जण विचारतायत म्हणून लिहिते. धाकट्याने तो मजकूर कॅचरला दाखवला. कॅचर म्हणाला म्हणे, "हा अमरावतीचा माणूस पुढच्या वर्षी आपला कोच होईल का?" मंगळवारपासून सरावानंतर चौघं थांबतात. लायब्ररीतून जाणारी पोरं थांबून व्हिडिओ काढतात.

काल डबलहेडर होता, एकाच दिवशी दोन सामने. पहिला ६-५ ने हरलो, पण वहीत चार नोंदी. चारच. त्यातली एक पिचरची, तीच ती, पहिला बेस.

दुसऱ्या सामन्यात चौथ्या इनिंगला तेच चित्र. दोन आऊट, पहिल्यावर एक, तिसऱ्यावर एक. समोरचा कोच हाताने नाक, टोपी, कोपर करत होता तेव्हाच मला कळलं काय येणार ते. पहिल्यावरचा रनर निघाला आणि अडखळल्याचं नाटक करून मध्येच थांबला. पिचर, फर्स्ट, धाकटा. बॉल धाकट्याच्या हातात आणि रनर त्याच्यापासून चार हातांवर, अगदी आयता. तेवढ्यात इनफील्डमधून तीन गळे एकदम ओरडले, "फोर! फोर!" (होम प्लेटला इनफील्डमध्ये चार म्हणतात.) धाकटा आयत्या माणसाला सोडून वळला आणि त्याने घरी फेकला.

इतक्या जोरात फेकला की कॅचरने उडी मारली तरी बॉल वरून जाऊन मागच्या जाळीवर आदळला. तिसऱ्यावरचा आला, जवळचा रनर तिसऱ्यावर पोचला.

मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. आमच्याच बाजूचे दोन पालक वळून बघायला लागले. घोंगडी खाली पडली, चहा सांडला, मग बसून पेन्सिल घेतली आणि त्या चौकोनात नीट, मोठ्या अक्षरात लिहिलं: ई-४.

सामना ७-४ ने गेला. रात्री फोनवर पहिला प्रश्न, "आई, तू टाळ्या का वाजवत होतीस?"

अमरावतीकर

जमलं बाप्पा! आता हात सुधारते, ते सोपं हाय.

सदाशिव पेठी

थ्रो खाली ठेवायला सांगा. बाकी मागे घेतो.

वाचनमात्र

ई-४ म्हणजे?

ओहायोची मावशी

एरर, सेकंड बेसमन. आमचा धाकटा.